घर विकलं जात नसेल तर एजंटाने काय करायचं: रीसेलमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

रीसेलच्या कामात पहिल्या वर्षातच एक फ्लॅट असा येतो, जो हलत नाही. सुरुवातीला मालक आठवड्याने फोन करतात, मग रोज करतात, आणि एक दिवस करेनासे होतात. तुम्हीही त्या गल्लीतून जायचं टाळायला लागता.

मी पुण्यात सिंहगड रस्ता, वडगाव, धायरी या पट्ट्यात १७ वर्षं हे काम करते. माझ्याकडे शिकायला आलेली मुलं-मुली अशा वेळी दोनच गोष्टी करतात. एक तर जाहिरात पुन्हा टाकतात, नाहीतर किंमत कमी करा म्हणून मालकाच्या मागे लागतात. घर का अडकलंय हे कळायच्या आधीच दोन्ही करून होतं. ज्यांना ते नेमकं ठाऊक असतं, त्यांचे नंबर आपल्या मोबाइलमध्येच असतात. घर बघून, न घेता गेलेले लोक. त्यांना परत कोणी फोन करत नाही. माझं सांगणं आहे की सुरुवात त्या फोनपासून करा.

महारेराची (राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाची) नोंदणी आणि २०२३च्या आदेशाने सक्तीचं झालेलं प्रशिक्षण-परीक्षेचं प्रमाणपत्र तुमच्याकडे आहे असं धरून पुढे लिहिते. नसेल तर आधी ते काम उरका.

आधी वही

प्रत्येक घराला वहीत स्वतंत्र पान द्या. तारीख, कोण आलं, बरोबर कोण होतं, किती वेळ थांबले, काय बोलले. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा, आणि तो फ्लॅटमध्ये भरत नाही. फ्लॅटमध्ये मालक समोर उभे असतात, त्यामुळे पार्टी 'छान आहे, घरी बोलून कळवतो' एवढंच म्हणते. खरं ते जिन्यात बोलतात. नवरा-बायको तुमच्या दोन पायऱ्या पुढे उतरत असतात आणि ती हळूच म्हणते, "आईंना रोज हे चढवणार कसं?" तिथे मध्ये पडू नका. 'लिफ्ट बसणार आहे', 'व्यायाम होतो' असलं काही बोलू नका. ऐका, आणि ते गाडीवर बसून गेले की गेटजवळ उभं राहूनच लिहून काढा. संध्याकाळपर्यंत थांबलात तर त्यांचं वाक्य विसरलेलं असतं आणि तुमचा अंदाज तेवढा उरतो.

घर तीन महिन्यांहून जास्त पडून असेल तर हे पान उघडून बघा. अडचण कुठे आहे ते बऱ्याचदा पानाच्या आकारावरूनच कळतं.

पान जवळपास कोरं असेल, म्हणजे फोनच येत नसतील, तर लोक जाहिरातीतली किंमत किंवा फोटो बघून पुढे जातायत. फोन येतात पण कोणी बघायला येत नाही, तर फोनवर तुम्ही सांगता त्यातली एखादी गोष्ट आडवी येतेय: लिफ्ट नाही, पार्किंग नाही, पाणी टँकरचं आहे. लोक येतात पण दुसऱ्यांदा कोणी येत नाही, तेव्हा घरात काहीतरी आहे. आणि दुसऱ्यांदा येतात, आई-वडिलांना घेऊन येतात, बोलणी होतात, आणि मग अचानक फोन उचलणं बंद होतं, तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा कागद किंवा कर्ज. हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, पण मी त्यावर भरवसा ठेवते.

मग फोन

वहीतल्या शेवटच्या दहा जणांना फोन करा. 'का नाही घेतलंत?' असं विचारू नका. त्याला माणूस जबाब मागितल्यासारखा घाबरतो आणि 'बजेट नाही' म्हणून सुटतो. विचारा, "मग तुम्ही घर कुठे घेतलंत?"

याचं उत्तर लोक आनंदाने देतात. नवीन घर घेतलेल्या माणसाला त्याबद्दल बोलायचंच असतं. कुठल्या बिल्डिंगमध्ये, कितव्या मजल्यावर, केवढ्याला, काय आवडलं, सगळं सांगतात. ऐकता ऐकता तुमच्या घराचा खरा प्रतिस्पर्धी कोण होता ते कळतं. मालकाला वाटत असतं आपली स्पर्धा समोरच्या नव्या टॉवरशी आहे, आणि दहापैकी पाच जणांनी पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरचं, पार्किंग असलेलं घर घेतलेलं असतं. ज्यांनी अजून कुठेच घेतलेलं नाही त्यांना विचारा, "आमचं घर बघितल्यावर मनात काय राहिलं?" आणि गप्प बसा.

एक घर इथे जरा सविस्तर सांगते, कारण या फोनचं महत्त्व मला त्यानेच शिकवलं.

सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला १९९८ची बिल्डिंग. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन बेडरूम, ६४० चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्र. मालक निवृत्त काका, काकू दोन वर्षांपूर्वी गेलेल्या. मुलगा नाशिकला, मुलगी कॅनडात. काकांना मुलाकडे राहायला जायचं होतं. मागणी ८५ लाख. अकरा महिन्यांत एकतीस जण बघून गेले. तिघांशी बोलणी अगदी टोकनपर्यंत आली आणि तिघेही 'जमत नाही' म्हणून गेले. मी ते किंमतीचं कारण धरलं. एक दिवस त्या तिघांतल्या दुसऱ्या पार्टीला सहज फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, किंमतीचं आम्ही बघितलं असतं हो. बँकेच्या वकिलांनी नाही म्हटलं. काकांना कसं सांगणार, म्हणून बोललो नाही."

अकरा महिने मी चुकीच्या जागी औषध लावत होते. वकिलांनी का नाही म्हटलं ते पुढे कागदांच्या भागात येईल.

किंमत

तरी किंमत हे कारण सगळ्यात जास्त वेळा असतं, आणि मालकाशी त्यावर बोलणं नव्या एजंटाला सगळ्यात जड जातं. रिकाम्या हाताने हे बोलायला जाऊ नका. कागद घेऊन जा.

पहिला कागद इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर झालेल्या दस्तांचा मोफत शोध घेता येतो. त्याच बिल्डिंगचे, नाही मिळाले तर त्याच सर्व्हे नंबरचे, गेल्या दीड-दोन वर्षांतले व्यवहार काढा. त्यात 'मोबदला' म्हणजे ठरलेली किंमत आणि 'बाजारभाव' म्हणजे सरकारी मूल्य, दोन्ही असतात. क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप (भिंतींसकट) ते नीट वाचा. जुन्या करारात बहुधा बिल्टअप असतं, आणि दोन वेगळ्या मापांची तुलना मालकासमोर केलीत तर तुमचा बाकीचा मुद्दाही पडतो.

दुसरा कागद रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी मूल्याच्या दरांच्या तक्त्याचा. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी मूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागतं. शिवाय सरकारी मूल्य ठरलेल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघालं तर फरकावर आयकराचा प्रश्न विकणारा आणि घेणारा दोघांनाही येतो. म्हणजे किंमत उतरवायलाही एक तळ असतो, तो आधी माहीत करून घ्या. जुन्या बिल्डिंगला वयाप्रमाणे घसारा मिळतो, तो धरूनच मूल्य काढा.

तिसरा कागद तुम्ही स्वतः करायचा, आणि माझ्या मते तोच सगळ्यात उपयोगी आहे. घेणाऱ्याच्या खिशातून रोख किती जाणार याचा हिशोब. काकांच्या डायनिंग टेबलावर मी तो असा मांडला होता.

फ्लॅट ७० लाखांना गेला तर बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ५६ लाख देईल. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेने घातलेली मर्यादा ती आहे. घेणाऱ्याचे स्वतःचे १४ लाख. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी फी ३० हजार. दलाली एक टक्का धरली तर ७० हजार. एकूण १९ लाख ९० हजार त्याला स्वतःकडून उभे करायचे आहेत.

आता ८५ लाख धरा. वरवर पाहता बँक ६८ लाख देईल. पण बँक स्वतःचा व्हॅल्युअर पाठवते आणि कर्ज ठरवताना करारातली किंमत आणि त्याचं मूल्यांकन यांतली कमी रक्कम धरते. व्हॅल्युअर जर ७० लाखच म्हणाला तर कर्ज ५६ लाखांवरच थांबतं. मग स्वतःचे २९ लाख, मुद्रांक ५ लाख ९५ हजार, नोंदणी ३० हजार, दलाली ८५ हजार. बेरीज ३६ लाख १० हजार.

काका म्हणाले होते, "अगं, समोरच्या टॉवरमध्ये तेरा हजाराने चाललंय." मी म्हटलं, "काका, चाललंय ना. पण तिथे लिफ्ट आहे, दोन गाड्यांचं पार्किंग आहे. आणि तुमच्याकडे वीस लाख घेऊन येणारी माणसं मी आणू शकते. छत्तीस लाख रोख असलेला माणूस तिसऱ्या मजल्यावर चालत चढायला कशाला येईल?" काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि बेरीज स्वतः पुन्हा करून बघितली. मालकाला बेरीज स्वतः करू द्या.

किंमत उतरवायची ठरली तर एकदाच आणि पुरेशी उतरवा. दर महिन्याला लाखभर कमी करत गेलात तर बघणारे ते बघत असतात, आणि अजून उतरेल म्हणून थांबतात. पोर्टलवर लोक ७० लाख, ७५ लाख, ८० लाख अशा टप्प्यांनी शोधतात. ७० लाख ५० हजार लिहिलेलं घर ७० लाखांपर्यंत शोधणाऱ्याला दिसतच नाही. त्या पन्नास हजारांपायी किती फोन गेले ते कधीच कळत नाही.

घरातली बाई घेणार असेल तर महाराष्ट्रात निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ७० लाखांवर ७० हजार वाचतात. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असायला हवी. हे पार्टीला पहिल्याच भेटीत सांगा. किमतीवरून चाललेली ओढाताण कधी कधी एवढ्यावर सुटते.

कागद

घर विकायला घेतानाच कागद बघायला हवेत. मी काकांच्या वेळी बघितले नव्हते, म्हणून अकरा महिने गेले.

फ्लॅट काका आणि काकू दोघांच्या नावावर होता. काकू गेल्यावर सोसायटीने नॉमिनेशनप्रमाणे शेअर सर्टिफिकेटवर काकांचं एकट्याचं नाव लावलं. काकांना वाटलं, झालं. मलाही शेअर सर्टिफिकेट बघून तसंच वाटलं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. काकूंनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा हिस्सा काका, मुलगा आणि मुलगी तिघांकडे गेला होता. मुलांनी काकांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिल्याशिवाय कुठल्याही बँकेच्या वकिलाने हो म्हटलं नसतं. मुलाचं सोपं होतं. मुलीने तिकडच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवलं. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. ही मुदत लक्षात ठेवा, लोक ती हमखास चुकवतात. मग भावाने तिच्या वतीने दुय्यम निबंधकाकडे सही केली. सगळं मिळून अडीच महिने लागले. भांडण नव्हतं, कोणाचा विरोध नव्हता. कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणून कुठलंही अडकलेलं घर हातात आलं की हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा: बिल्डरपासून आजपर्यंतच्या सगळ्या करारांची साखळी, प्रत्येकाची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू. मधला एखादा मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत, एवढं करावं लागतं, आणि पार्टी टोकन द्यायला आल्यावर ते सुरू करून चालत नाही. महापालिकेचा भोगवट्याचा किंवा पूर्णत्वाचा दाखला आहे का. मिळकतकराची पावती कोणाच्या नावावर आहे. मालकाचं जुनं कर्ज असेल तर बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि बँकेत ठेवलेल्या कागदांची यादी. फिटलेलं असेल तर बोजा, म्हणजे घरावरची बँकेच्या हक्काची नोंद, उतरवल्याचा कागद. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलं आणि बोजा तसाच राहिला, असं मी बरेचदा बघितलंय.

सोसायटीचा ना-हरकत दाखला बँका मागतात, त्यामुळे सेक्रेटरींशी आधीच बोलून ठेवा. हस्तांतरण प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार घेता येतो. 'डोनेशन' म्हणून लाखभर मागणाऱ्या सोसायट्या भेटतात. तिथे भांडायला जाऊ नका, उपविधीची प्रत घेऊन शांतपणे बोला. बहुतेक समित्या ऐकतात.

पार्किंगबद्दल जपून शब्द वापरा. करारात काय लिहिलंय आणि सोसायटीने कोणाला काय वाटून दिलंय ते दोन्ही वाचल्याशिवाय 'पार्किंगसह' असं जाहिरातीत टाकू नका. इमारतीखालची जागा बिल्डरला सुटी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलंय. त्यामुळे 'आम्ही पार्किंगचे वेगळे पैसे दिले होते' असं मालक म्हणाले तरी तेवढ्याने भागत नाही.

मालक परदेशात राहत असेल तर घेणाऱ्याला कापावा लागणारा कर साध्या एक टक्क्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला मालकाने आधीच काढून ठेवला तर पार्टी बिचकत नाही. भारतातल्या मालकासाठी ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारावर एक टक्का, हे दोन्ही बाजूंना सुरुवातीलाच सांगून ठेवा.

घर दाखवणं

बंद घराला वास येतो. दार उघडल्यावर पहिल्या दहा सेकंदांत पार्टीच्या बायकोचा चेहरा बघा, तिचं ठरलेलं असतं. हा वास बहुतेक वेळा बाथरूमच्या जाळीतून येतो. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साठून राहतं आणि ते गटाराचा वास अडवतं. घर महिना-दीड महिना बंद राहिलं की ते पाणी सुकतं. उपाय एक बादली पाणी. प्रत्येक बाथरूम, बाल्कनी आणि किचनच्या सिंकमध्ये दर आठवड्याला पाणी ओता, आणि पार्टी यायच्या तासभर आधी जाऊन खिडक्या उघडा. मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच काम देते.

वीजमीटर चालू ठेवायला सांगा. टॉर्च लावून दाखवलेलं घर मी आजपर्यंत विकलेलं नाही. काकांच्या घरात फक्त ट्यूब होत्या, त्यातली एक फडफडायची. सहाशे रुपयांचे दिवे बदलले.

ओल लपवू नका. काकांच्या मागच्या बेडरूममध्ये कपाटामागे ओलीचा पट्टा होता आणि आधीच्या कोणा एजंटाने कपाट मुद्दाम तिथे सरकवायला लावलं होतं. घर घेणारा माणूस कपाटामागे बघतोच, आणि तिथे ओल दिसली की त्याला वाटतं अजून काय काय लपवलंय कोण जाणे. ओल बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून येत होती. सोसायटीकडून प्लास्टर करून घेतलं, एक पावसाळी आठवडा जाऊ दिला आणि मग आतून रंग दिला. उलट्या क्रमाने केलं असतं तर रंग महिन्याभरात फुगला असता. नवीन पार्टीला मी स्वतःच सांगायचे, "इथे ओल होती, हे काम केलं, ही पावती." त्यावर कोणीही मागे फिरलं नाही.

विक्रीआधी मोठा खर्च करू देऊ नका. घेणारा स्वतःच्या आवडीचं किचन करणारच असतो. पांढरा रंग, गळके नळ आणि बसलेल्या कड्या-कोयंड्यांची दुरुस्ती, रिकामा माळा, एवढं पुरे.

भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोबद्दल घरच्यांशी हळुवार बोलावं लागतं. काकूंचा फोटो हॉलमध्ये दारासमोरच होता. येणारा प्रत्येकजण आधी तिकडे बघायचा आणि आवाज खाली आणायचा. मी काकांना ते कसं सांगावं म्हणून दोन आठवडे गप्प होते. शेवटी त्यांच्या मुलाशी बोलले. पुढच्या वेळी गेले तेव्हा फोटो आतल्या खोलीत, काकांच्या पलंगाशेजारी होता. देवघराचंही तसंच. घर रिकामं झालं असेल तर देव आधी हलवायला सांगा. रिकाम्या घरात मागे राहिलेले देव बघून माणसं अस्वस्थ होतात.

भाडेकरू राहत असेल तर त्याला एक दिवस आधी कळवा आणि रविवारचे ठरलेले दोन तास घ्या. आणि सगळ्यात आधी त्यालाच विचारा, घर घेणार का. हे विचारायचं राहून गेल्याचं मी फार ठिकाणी बघितलंय.

जाहिरात पुन्हा टाकताना

हे सगळं झाल्यावरच जाहिरातीला हात लावा. जुनी जाहिरात दोन-तीन आठवडे पूर्ण उतरवा. तोच फ्लॅट तीन एजंटांनी तीन किमतींना टाकलेला असेल तर मालकाला बसवून एक किंमत ठरवा आणि बाकीच्या काढून घ्यायला लावा. तीन किमती बघितल्या की पार्टी सगळ्यात कमी किमतीपासून बोलणी सुरू करते. शक्य असेल तर ठराविक मुदतीसाठी काम एकट्याकडे मागून घ्या, आणि त्या मुदतीत काय काय करणार ते लिहून द्या.

फोटो सकाळच्या उजेडात नव्याने काढा. मजकुरात उणीव पहिल्या दोन ओळींतच लिहा: 'तिसरा मजला, लिफ्ट नाही.' फोन कमी येतील, पण जे येतील ते चढायची तयारी करून येतील.

जुन्या बिल्डिंगबद्दल 'रीडेव्हलपमेंट होणार' हे वाक्य कितीही मोह झाला तरी तोंडातून काढू नका. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव असेल तर त्याची प्रत दाखवा. नसेल तर विषय काढू नका. त्या आशेवर घर घेतलेला माणूस आठ वर्षांनी तुम्हाला रस्त्यात भेटतो.

मग ग्राहक शोधायला पोर्टलवर जाण्याआधी त्याच गल्लीत चालत जा. सोसायटीच्या सूचना फलकावर कागद लावा, वॉचमनशी बोला, समोरच्या किराणावाल्याशी बोला. मुलांची शाळा न बदलता स्वतःचं घर घ्यायचं असलेले भाडेकरू, आई-वडिलांना जवळ आणू पाहणारी शेजारच्या बिल्डिंगमधली मुलं, हे लोक तोच रस्ता आणि तेच पाणी आधीपासून वापरत असतात. त्यांना परिसर पटवून द्यावा लागत नाही. काकांचं घर शेवटी पलीकडच्या बिल्डिंगमध्ये नऊ वर्षं भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाने ७१ लाखांना घेतलं. दोन मुलं, दोघंही समोरच्या शाळेत. पितृपक्षात घर बघून गेले, बोलले काहीच नाहीत, मी आशा सोडली होती. घटस्थापनेच्या दिवशी सकाळी नऊला फोन आला. त्या पंधरवड्यात फोन बंद पडले म्हणून किंमत उतरवायची घाई करू नका.

टोकन बँकेतूनच घ्या आणि विसार पावतीत मुदत, बाकीच्या कागदांची यादी आणि व्यवहार मोडल्यास टोकनचं काय, हे स्पष्ट लिहा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे. 'थोडे वरचे' म्हणून रोख मागणारा मालक असेल तर घर न विकण्याचं एक कारण तिथेच सापडलं. कर्ज घेणाऱ्याकडे तसे पैसे नसतात.

तरीही नाही विकलं तर

कधी कधी मालकाला विकायचंच नसतं. भावंडांपैकी एकाचा जीव त्या घरात अडकलेला असतो, आणि किंमत चढी ठेवणं हा त्याने शोधलेला मार्ग असतो. हे दोन-तीन भेटींत जाणवतं. तेव्हा सगळ्यांना एकत्र बसवून सरळ विचारा. उत्तर 'आत्ता नको' असं आलं तर नोंदणीकृत भाडेकरार करून घर भाड्याने द्यायला मदत करा. बंद घरापेक्षा राहतं घर चांगलं टिकतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी ते तुम्हालाच बोलावतात.

आणि कुठे तुमचंच जमत नसेल तर काम सोडा, पण फोन उचलणं बंद करून नव्हे. चावी स्वतः नेऊन द्या. वहीतल्या त्या पानाची एक प्रत लोकांचे नंबर खोडून मालकाला द्या: कधी कोण आलं, काय म्हणालं, मग त्यांनी कुठे घर घेतलं. पुढच्या एजंटाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. काकांच्या घराआधी असं एक पान मला कोणी दिलं असतं तर तिसऱ्या महिन्यातच मी नाशिकला फोन केला असता.